खोलीतली सोबतीण

मुलीला विद्यापीठात प्रवेश मिळाला की आपला आनंद दोन दिवस टिकतो. मग प्रश्न सुरू होतात. वसतिगृहात खोलीत कोण असेल? नमाज, सहरी, जेवण यांचे काय? काही घरांत तर या भीतीपोटी प्रवेशच रद्द होतो.

भीती अगदीच निराधार नाही. पण मुलीला घरी बसवणे हा त्यावर उपाय नव्हे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी संस्था उभी केली व अध्यक्षपद स्वतः घेतले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. आपल्यासाठी कुणीतरी दार उघडले होते. आता ते इतरांसाठी उघडे ठेवणे आपल्याकडे आले आहे.

सूरह निसाच्या ३६व्या आयतीत आईवडील, नातलग, यतीम यांच्याबरोबरच शेजारी आणि सोबतीचा माणूस यांच्याशी भलाईने वागण्याचा हुकूम आहे. खोलीतली मुलगी म्हणजे हीच सोबतीण. तिचा धर्म विचारून मग भलाई करायची नाही.

म्हणून निघताना मुलीला दोन्ही गोष्टी सांगू या. रमजानपूर्वी सहरीसाठी रेक्टरबाईंकडे लेखी अर्ज दे, संकोच करू नकोस. आणि पहाटे उठताना सोबतिणीची झोप मोडू नकोस. तिला ताप आला तर मेसमधून खिचडी आणून दे. जातीवरून, बोलीवरून कुणाला टोमणे बसत असतील तर तिच्याशेजारी जाऊन बस.

आपला हक्क मागता आणि दुसरीची काळजी घेता आली, की वसतिगृह परके राहत नाही.