बांधलेलं कुत्रं आणि मोकळी बाग



"माणसांना बसायला धड जागा नाही आणि कुत्र्यांना बाग कशाला?" गेल्या दोन महिन्यांत आमच्या सोसायटीत निदान दहा जणींच्या तोंडून हे वाक्य ऐकलं. पाण्याच्या टाकीमागे जमिनीचा एक तुकडा रिकामा पडला आहे. त्याला कुंपण घालून तो कुत्र्यांना पळायला द्यावा, असा अर्ज काही तरुण मंडळींनी कमिटीकडे दिला आहे. वार्षिक सभेत त्यावर मत घ्यायचं आहे. माझं मत "द्यावा" असं आहे. आमच्या घरी कुत्रं नाही आणि आणायचाही विचार नाही, म्हणजे यात माझा काही स्वार्थ नाही.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत पाठ केले होते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात ते आहेत. त्यातला पहिलाच 'बंध', म्हणजे जिवाला बांधून, डांबून ठेवणं. मग मारणं, अवयव कापणं, झेपणार नाही इतका भार लादणं आणि अन्नपाणी तोडणं. हे शिकताना आपल्या डोळ्यांसमोर गावाकडचे बैल यायचे. पण आज दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये गॅलरीच्या गजाला दिवसभर बांधलेलं लॅब्राडोर बघितलं की मला तो पहिला अतिचारच आठवतो. हौसेसाठी कुत्र्याचे कान किंवा शेपूट कापून घेतात, तो तिसरा. मालक वाईट असतात असं नाही. दोघं नोकरीला जातात, घरी कुणी नसतं, बाहेर सोडायला जागा नसते.

बरं, मोकळं सोडावं तर दुसरी अडचण. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या काकूंच्या अंगावर ते प्रेमाने जरी धावून आलं, तरी त्या पडतात. पार्किंगमध्ये खेळणारी पोरं भेदरतात. "आमचा काही करत नाही हो" असं मालकाने लांबून ओरडून काय उपयोग? दुसऱ्याला भीती वाटेल असं वागणं हेही आपल्या धर्मात बसत नाही. म्हणजे बांधलं तर त्या जिवाला त्रास, सोडलं तर माणसांना. यातून मार्ग निघतो तो ठरवून दिलेल्या जागेने.

अशी जागा मी पाहिली ती मुलाकडे गेले तेव्हा. तो अमेरिकेत सिएटलजवळ रेडमंडला राहतो. आपली बरीच मराठी मुलं तिकडे आहेत, तेव्हा तुमच्यापैकी काहींनी तिथलं मेरीमूर पार्क पाहिलंही असेल. सगळं पार्क 640 एकरांचं, त्यातले 40 एकर कुत्र्यांना मोकळं पळायला. शेजारून समामिश नदी वाहते, कुत्री तिच्यात मनसोक्त डुंबतात. जागा सरकारी, पण देखभालीला स्वयंसेवकांची एक संस्था हातभार लावते.

मला आवडली ती तिथली शिस्त. अशा बागांना बहुतेक दुहेरी फाटक असतं. पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, म्हणजे कुणी निसटून रस्त्यावर जात नाही. कुत्र्याची साखळी दोन फाटकांच्या मध्येच काढतात, कारण मोकळ्या कुत्र्यांत बांधलेलं कुत्रं गेलं तर ते बावरतं आणि अंगावर जातं. लहान चणीच्या कुत्र्यांना बऱ्याच ठिकाणी वेगळा भाग असतो. लस पूर्ण न झालेली पिल्लं आणि माजावर आलेली मादी आणायची नाही. साखळी मालकाच्या हातात, पिशवी खिशात. कुत्र्याने शी केली की लगेच उचलायची, मग मालक कितीही मोठा साहेब असो.

पार्काबाहेर पायवाटा आहेत. नदीकाठची वाट बॉथेल गावापर्यंत सुमारे सोळा किलोमीटर जाते. त्या वाटेवर मात्र कुत्रं साखळीतच. सायकलवाले, मुलांना गाडीत घालून निघालेल्या आया, दुर्बीण लावून बगळे बघणारे आजोबा, सगळे एकाच वाटेने जातात आणि कुणाची कुणाला अडचण होत नाही. पळायला बाग आणि हुंगत चालायला वाट, दोन्ही मिळालं की कुत्रं घरी येऊन गाढ झोपतं. नातू कुत्र्याला घेऊन वाट सोडून गवतात शिरायला लागला, तेव्हा मी त्याला ईर्यासमिती समजावून सांगितली. मुनी चार हात पुढची जमीन बघून पाऊल टाकतात, कारण गवतात लहान जीव असतात. आपल्याला तेवढं जमत नाही, पण मळलेल्या वाटेवरून चालणं तर जमेल ना?

हे फक्त अमेरिकेतच होतं असंही नाही. तिकडे बर्कलेला अशी बाग 1979 मध्ये झाली आणि मग ती कल्पना पसरली. आपल्याकडे हैदराबाद महापालिकेने कोंडापूरला 2018 मध्ये केली, तीही एक-सव्वा एकरात. चाळीस एकर कुणी मागत नाही.

आता खर्च. मी कॉमर्सची, त्यामुळे आकडा मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. समजा जाळीचं कुंपण, दुहेरी फाटक, एक नळ आणि कचऱ्याचे डबे मिळून अडीच लाख लागले. आमची घरं 125, म्हणजे घरटी 2,000 रुपये, तेही एकदाच. रोजच्या सफाईचा खर्च कुत्री पाळणाऱ्यांनी आपणहून वर्गणी काढून करावा. 'आपणहून' म्हणते, कारण भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचनांप्रमाणे सोसायटीला बहुमतानेही कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही आणि पाळणाऱ्यांकडून वेगळा आकारही घेता येत नाही. म्हणजे कुत्री तर राहणारच आहेत. ती आपल्या जिन्यात आणि लिफ्टपाशी घाण करणार की ठरलेल्या जागी, एवढंच आपल्या हातात आहे.

मैत्रिणी म्हणतात, रोगराई होईल. शी तशीच पडून राहिली तर होईलच, जंत त्यातूनच पसरतात. आज ती झाडाखाली आणि गाड्यांमागे पडून असतेच. एका जागी असली तर उचलता तरी येते. दरवर्षी रेबीजची लस दिल्याचा दाखला असल्याशिवाय आत सोडायचं नाही, असा नियम पहिल्याच दिवशी लिहून लावावा.

दुसरी शंका आपल्या घरांतली. कुत्रं मांसाहारी, त्याला जवळ का करायचं? घरात कुत्रं आणावं की नाही, त्याला काय खायला घालावं, हा ज्या त्या घराचा प्रश्न आहे. बाग झाली म्हणून कुणाच्या स्वयंपाकघराला धक्का लागत नाही. आणि जवळ करण्याबद्दल म्हणाल, तर जीवंधरकुमारांची कथा आठवा. मरणाला टेकलेल्या कुत्र्याला त्यांनी णमोकार मंत्र ऐकवला आणि तो जीव यक्ष झाला. त्यांनी त्याची जात पाहिली नाही, त्याची वेदना पाहिली.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचा प्रश्न या बागेने सुटणार नाही, हे मान्य. त्यांना नसबंदी, लस आणि खाऊ घालायची ठरलेली जागा लागते, आणि त्यासाठी 2023 चे केंद्राचे नियम आहेत. ते काम वेगळं आहे, पण ते राहिलं म्हणून हे करू नये असं थोडंच आहे?

आपण जीवदयेच्या पेटीत पैसे टाकतो, पांजरपोळाला देणगी पाठवतो. ते चालूच ठेवू. पण आपल्याच जिन्यात, गजाला बांधलेला एक जीव रोज केविलवाणा भुंकतो आणि आपण त्याच्या आवाजाचीच तक्रार लिहून देतो. तुमच्याही सोसायटीत असा रिकामा तुकडा असेल, तर सभेत विषय काढा. कुंपण किती, फाटकं दोन हवीत, सफाई कोण करणार, लसीचे दाखले कोण बघणार, ही चार उत्तरं कागदावर मागा. ती मिळाली, तर कुत्रं पाळत नसलात तरी हात वर करा. आमच्याकडे मी करणार आहे.

जय जिनेंद्र.