रावणाचं काम कोणाला द्यायचं?



मराठीच्या उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य तुम्हीही शेकडो वेळा वाचलं असेल. ‘मला श्यामची आई हे पात्र खूप आवडले, कारण ती प्रेमळ व संस्कारी होती.’ पाठ बदलला की नाव बदलतं, बाकी वाक्य तेच. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आपण ‘वर्तणूक : चांगली’ लिहितो ना, तसाच दाखला मुलं पात्राला देतात. आपणही दोन गुण देऊन पुढचा पेपर ओढतो.

मुलांचा यात काही दोष नाही. ‘तुम्हाला आवडलेले पात्र व त्याचे गुण लिहा’ असं विचारलं की हेच येणार. पण माझं म्हणणं असं आहे की, या एका सवयीमुळे मुलं दोन गोष्टी शिकतच नाहीत. पहिली, पात्र म्हणजे माणूस असतो, गुणांची यादी नसते. दुसरी, पात्र वेगळं आणि ते करणारा वेगळा. ही दुसरी गोष्ट न शिकल्याचा भुर्दंड वर्गातलं एखादं लेकरू भरत असतं. तो कसा ते सांगते.

एका शाळेतल्या स्नेहसंमेलनातली गोष्ट आहे. सहावीतला एक मुलगा रावण झाला होता. काम असं केलं की पुढच्या रांगेतली बारकी पोरं रडायला लागली. टाळ्याही भरपूर पडल्या. पण दुसऱ्या दिवसापासून त्याचं नाव ‘रावण’ पडलं. वर्गात कोणाची पट्टी हरवली की ‘आधी रावणाचं दप्तर बघा’. राम झालेल्या मुलाचं मात्र गावात कौतुक चालूच. आठवडाभरानं त्या पोराची आई शाळेत आली. भांडायला नाही, साधंच विचारायला. म्हणाली, “आमच्याच पोराला राक्षसाचं काम का दिलं? काळाय म्हणून का?”

याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. आणि खरं सांगा, आपल्या शाळांमधून भूमिका कशा वाटल्या जातात? गोरा, नीटनेटका, पाठांतर पक्कं, वडिलांचं गावात वजन आहे तो शिवाजी महाराज किंवा राम. सावळा, धिप्पाड तो राक्षस नाहीतर अफजलखान. बोबडा तो झाड. ऊसतोडीच्या कोप्यांवरची मुलं तर दिवाळीनंतर कारखान्याच्या भागातल्या शाळांत येतात, तोवर पात्रं ठरलेली असतात. ती पडदा ओढतात. आपण मुद्दाम करत नाही, पण मुलांना तो संदेश बरोबर पोचतो : जसं तोंड, तसं काम, जसं काम, तसा माणूस.

हा गैरसमज मोठ्यांचाही आहे म्हणा. निळू फुले पडद्यावर दिसले की बायका बोटं मोडायच्या, हे आपण आया-आज्यांकडून ऐकलेलं आहे. प्रत्यक्षात तो माणूस राष्ट्र सेवा दलात घडलेला. आपल्या नगरचंच उदाहरण घ्यायचं तर सदाशिव अमरापूरकर. जन्म 1950 चा, नगरचा. मराठी रंगभूमीवर काम करत असताना ‘हँड्स अप’ या नाटकात गोविंद निहलानींनी त्यांना पाहिलं आणि ‘अर्धसत्य’मध्ये रामा शेट्टीची भूमिका दिली. 1991 च्या ‘सडक’मधल्या भूमिकेसाठी फिल्मफेअरनं पहिल्यांदाच सुरू केलेला खलनायकाचा पुरस्कार त्यांना मिळाला. (तो सिनेमा मुलांना दाखवण्यासारखा नाही, हे वेगळं सांगायला नको.) देशभर लोक त्यांना घाबरले. आणि हाच माणूस सामाजिक चळवळींच्या बाजूनं उभा राहायचा. 2013 चा दुष्काळ आठवतोय ना? आपल्याकडे टँकर चालू होते. त्या वर्षीच्या होळीत मुंबईत पाण्याच्या उधळपट्टीला हरकत घेतली म्हणून अमरापूरकरांना धक्काबुक्की झाली. साठी ओलांडलेला माणूस. पेपरात आलं होतं.

हा प्रसंग मी सातवीच्या वर्गात सांगते. आधी फक्त त्यांचे सिनेमातले फोटो दाखवायचे आणि ‘हा माणूस कसा असेल?’ एवढंच विचारायचं. कपटी, दारुडा, गुंड, सगळी विशेषणं फळ्यावर येतात. मग होळीची गोष्ट. वर्ग एकदम शांत होतो. फळ्यावरचे शब्द पुसायचे नाहीत. ‘हे शब्द कोणाचे? त्या माणसाचे, की त्यानं केलेल्या कामाचे?’ असं विचारलं की चर्चा आपोआप अभिनयाकडे वळते. जो माणूस तसा नाही, त्यानं आपल्याला तसं वाटायला कसं लावलं? डोळ्यांनी? आवाजानं? उभं राहण्यानं? इथून पुढे मुलं जे बोलतात ते कुठल्याही गाईडात सापडत नाही.

यासाठी माझा आवडता सिनेमा ‘फँड्री’. नागराज मंजुळे मूळचे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, पण संज्ञापनाचं शिक्षण त्यांनी नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात घेतलं, म्हणून आपण त्यांच्यावर थोडा हक्क सांगायला हरकत नाही. अख्खा सिनेमा प्राथमिकच्या मुलांना दाखवू नका, भाषा कडक आहे. आधी स्वतः बघा, दोन-तीन प्रसंग निवडा, शक्यतो मुख्याध्यापकांना सांगून दाखवा. जब्याचं काम करणारा सोमनाथ अवघडे हा खेड्यातला साधा मुलगा. त्याला या कामासाठी बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ही माहिती मात्र मी शेवटी देते. आधी दिली की मुलं पुरस्काराकडेच बघत बसतात.

पहिल्यांदा आवाज बंद करून दाखवायचं. काम एकच : जब्याच्या वडिलांकडे, म्हणजे कचरूकडे बघा. किशोर कदम यांनी ही भूमिका केली आहे. तेच ‘सौमित्र’ नावानं कविता लिहितात. गावातली माणसं समोर आली की हा कचरू काय करतो आणि घरच्यांशी बोलताना काय करतो, एवढंच वहीत टिपायचं. एका मुलानं लिहिलं होतं, ‘जब्याचा बाप मानस बघितली की बारका होतो आनि घरी आला की परत मोठा होतो.’ शुद्धलेखनाच्या दोन चुका. पण मान वाकवणं, खांदे पाडणं, हात जोडायच्या बेतात ठेवणं, हे सगळं त्या पोरानं ‘बारका होतो’ या दोन शब्दांत पकडलं होतं. ‘कचरू हा गरीब व कष्टाळू होता’ या शुद्ध वाक्यापेक्षा मला हे शंभर पटीनं जास्त वाटतं, आणि गुणही मी तसेच देते.

डुक्कर धरण्याचा प्रसंग तुम्हाला माहीत असेल. शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि डुकरामागे पळणारं अख्खं कुटुंब जागच्या जागी थांबतं. इथे कोणालाच संवाद नाही. नुसतं उभं राहायचं, तरी अभिनय आहे. आपल्याकडे अभिनय म्हणजे मोठ्यानं बोलणं आणि हात हलवणं अशीच समजूत असते, आपण तालमीतही ‘मोठ्यानं बोल, मागं ऐकू गेलं पाहिजे’ एवढंच ओरडत असतो. मुलांना स्वतः तसं थांबून बघायला लावा. पळत यायचं, खूण झाली की थांबायचं, डोक्यात मात्र ‘डुक्कर निसटलं तर?’ हे चालू ठेवायचं. अर्ध्या मिनिटात कळतं की नुसतं थांबणं किती अवघड आहे.

याच तासाला एका मुलीनं असा प्रश्न विचारला की मी दोन दिवस त्याचाच विचार करत होते. “मॅडम, जब्याला हसणारी माणसंपण नाटकच करत होती ना? मग ती एवढी खरी कशी हसली?” मग तिनं हळूच वर्गाकडे बघितलं, कारण डुक्कर निसटल्यावर आमचाही वर्ग हसला होता. कोणी काही बोललं नाही. मीही त्यावर भाषण दिलं नाही. काही प्रश्न वर्गात तसेच राहू द्यावेत.

पुस्तकातल्या पात्रांचंही असंच आहे, फक्त तिथे नट नसतो, वाचणारा असतो. श्यामची आईच घ्या. श्याम पोहायला जात नाही म्हणून ती त्याला मारते, हा प्रसंग पुस्तकात आहे. लोकांनी आपल्या मुलाला भित्रा म्हणू नये म्हणून. मग ती नुसती ‘प्रेमळ’ कशी? हा भाग दोन मुलींना दोन तऱ्हांनी वाचायला द्या, एकीनं रागानं, दुसरीनं रडू दाबून. वर्गाला दोन वेगळ्या आया दिसतील. 1953 च्या आचार्य अत्रे यांच्या सिनेमात वनमालाबाई आई झाल्या, 2023 च्या सिनेमात गौरी देशपांडे. पुस्तक तेच, आई वेगळी. ‘खरी कोणती?’ असं मुलं विचारतातच. विचारू द्या.

काही सहकारी म्हणतात, अहो, परीक्षेत असं विचारत नाहीत, वेळ कुठाय? वेळ नाही हे खरं आहे. ऑनलाइन माहिती भरण्यातच जीव जातो. पण ‘कारण ती प्रेमळ होती’च्या जागी ‘हे तुला कशावरून वाटलं?’ एवढा एक प्रश्न जोडायला जास्तीचा तास लागत नाही. दुसरा आक्षेप जरा गंभीर आहे. वाईट पात्राला समजून घ्यायला शिकवलं तर मुलं वाईटाला चांगलं म्हणतील. मला तसा अनुभव नाही. रावणाचं काम मनापासून केलेल्या मुलाला रावणाची चूक कुठे झाली ते रामाच्या मुलापेक्षा नेमकं सांगता येतं. एक महिना तो त्या अहंकारात उभा राहिलेला असतो.

आता डिसेंबर आला की तालमी सुरू होतील, म्हणून थोडं कामाचं. डी.एड.ला आपण सगळ्यांनी ‘नाट्यीकरण पद्धती’ पाठ केली आहे, ती इथे वापरायची. भूमिका लगेच वाटू नका. पहिला आठवडा प्रत्येक मुलानं प्रत्येक काम करून बघायचं, मुलींनी रावण आणि मुलांनी सीतासुद्धा. बालगंधर्वांनी आयुष्यभर स्त्रीभूमिका केल्या आणि महाराष्ट्रानं त्यांना डोक्यावर घेतलं, हे हसणाऱ्या पोरांना सांगा. कोप्यांवरून नवीन आलेल्या मुलांसाठी दोन कामं मुद्दाम राखून ठेवा, संवाद असलेली. आणि नाटक संपल्यावर पडदा लगेच पाडू नका. मुकुट, मिशा काढून सगळ्या मुलांना पुढे उभं करा आणि माइकवरून प्रत्येकाचं पूर्ण नाव घ्या, आधी राक्षसांचं, मग रामाचं. आईबाप समोर बसलेले असतात.