झाडूवाल्यानं पुकारलेला संप



हिटलरच्या फौजांनी १९४० मध्ये हॉलंड गिळलं. पुढच्या साली, २२ आणि २३ फेब्रुवारीला, एसएसचा तिथला बडा साहेब रौटर याच्या पोलिसांनी अ‍ॅमस्टरडॅमच्या ज्यू मोहल्ल्यावर धाड घातली. चारशेवर तरणी पोरं भर चौकात उकिडवी बसवली, बडवली, छळछावण्यांत धाडली. जवळजवळ सगळी तिथंच मेली.

पीट नाक हा नगरपालिकेचा सफाई कामगार आणि विलेम क्रान हा रस्त्याच्या कामावरचा मजूर. दोघेही कम्युनिस्ट, दोघांपैकी ज्यू कुणीच नाही. २४ तारखेला त्यांनी बाजारचौकात सभा घेतली. २५ ला ट्रामा थांबल्या, गोद्या थांबल्या, कारखाने ओस पडले.

मागणी काय? पगारवाढ नाही, बोनस नाही. शेजारच्या मोहल्ल्यातला माणूस जनावरासारखा हाकलून नेला, एवढंच कारण. कामगार एकजुटीच्या घोषणा आपण पुष्कळ ऐकल्यात. आमच्या वस्तीवर हात पडतो तेव्हा कुणाचं यंत्र थांबतं, हे ज्याचं त्यानं आठवावं.

दोन दिवसांत बंदुकांनी संप मोडला. नऊ माणसं मेली. मार्चमध्ये तिघा संपवाल्यांना गोळ्या घातल्या. नाकला पकडून बेदम मारलं. १९ नोव्हेंबर १९४२ ला क्रानला गोळ्या घातल्या.

आता साहेबांचा हिशेब. रौटरला १९४९ मध्ये मृत्युदंड दिला. पण विली लागेस? अ‍ॅमस्टरडॅमच्या जर्मन सुरक्षा पोलिसांचा प्रमुख, हजारो ज्यूंना आगगाडीत कोंबणारा. त्याचा मृत्युदंड १९५२ मध्ये जन्मठेपेवर आला. राणी युलियानानं सही केली नाही. त्याच सालच्या डिसेंबरात, धाडीच्या त्याच चौकात, त्याच राणीच्या हातून संपाचा पुतळा उघडला गेला. पुतळा कुणाचा? गोदी कामगाराचा!

फाशी नको म्हणणं मी समजू शकतो. पण जन्मठेप तरी जन्माची असावी की नाही? १९६६ मध्ये लागेस आजारी म्हणून सुटला, जर्मनीत गेला, ऑपरेशन करून घेतलं आणि १९७१ पर्यंत आरामात जगला. क्रानला कुठला डॉक्टर मिळाला होता?

मी गोदीत राबणारा. आपल्या धंद्याच्या माणसाचा पुतळा आहे म्हटल्यावर छाती फुगते. दर २५ फेब्रुवारीला लोक तिथं फुलं ठेवतात. ठेवावीत. पण ब्राँझ संप करत नाही. त्याला हाडामांसाचा हात लागतो.

पुढची धाड कदाचित आपल्यावर नसेल, शेजाऱ्यावर असेल. तेव्हा आपण हातातलं काम खाली ठेवणार का?