काडतुसाचा हिशेब

‘देशी बनावटीचे एक पिस्तूल आणि दोन जिवंत काडतुसे’ हे शब्द ठाणे जिल्ह्याच्या बातम्यांत इतके सरावाचे झाले आहेत की, वाचक त्यांवरून नजर फिरवून पुढच्या मजकुराकडे वळतो. गाव कधी विठ्ठलवाडी, कधी अंबरनाथ, कधी बदलापूर. पोलीस आरोपीला न्यायालयापुढे उभा करतात, शस्त्र मुद्देमालात जमा होते आणि प्रकरण मिटले असे सर्वांना वाटते. आम्हांला त्या वाक्याच्या उत्तरार्धाविषयी, म्हणजे काडतुसांविषयी, काही विचारावयाचे आहे. आणि तो प्रश्न गृहखात्याच्या नजरेतून सुटू नये म्हणूनच त्याला आज पहिल्या पानावर जागा दिली आहे.

कट्टा येतो कुठून, हे आता गुपित राहिलेले नाही. जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्याची सीमा ओलांडली की मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यात उमर्टी नावाचे गाव लागते. तेथील भट्ट्यांत घडलेली पिस्तुले महाराष्ट्रातच नव्हे, तर पार पंजाबपर्यंत पोहोचली आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथे कारवाईस गेलेल्या चोपड्याच्या पोलीस पथकावर जमाव चालून आला व त्याने एका पोलीस शिपायाला पळवून नेले. त्याच्या सुटकेसाठी मध्य प्रदेश पोलिसांना मध्ये पडावे लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरात पुणे पोलिसांचा मोठा ताफा त्या गावात उतरला. छत्तीस जण ताब्यात घेतले गेले आणि पन्नासच्या आसपास भट्ट्या मोडण्यात आल्या. तेथल्या पिस्तुलांवर ‘यूएसए’ अशी अक्षरे असत. त्यांचा अर्थ, पोलिसांच्या सांगण्याप्रमाणे, ‘उमर्टी शिकलगार आर्म्स’!

उल्हासनगरच्या जुन्या रहिवाशांना ही अक्षरे वाचून आपल्या गावचा विनोद आठवला असेल. फाळणीत सर्वस्व गमावून आलेल्या सिंधी निर्वासितांनी लष्करी छावणीच्या बराकींतून कारखानदारी उभी केली, तेव्हा त्यांच्या मालावरील ‘यूएसए’चा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा लोक लावीत. पण त्या थट्टेत फार तर गिऱ्हाइकाचे चार पैसे बुडत. गावठी पिस्तुलाने काय बुडते, ते सांगावयास नको. कलबुर्गी यांची ३० ऑगस्ट २०१५ रोजी आणि गौरी लंकेश यांची ५ सप्टेंबर २०१७ रोजी झालेली हत्या एकाच देशी पिस्तुलाने झाली, असा निष्कर्ष कर्नाटकच्या न्यायसहायक प्रयोगशाळेने काढला होता.

भट्ट्या मोडल्या हे योग्यच झाले. पण भट्टी पुन्हा बांधावयास कितीसा वेळ लागतो? शिकलगार हे मूळचे तलवारींना धार व पाणी देणारे कारागीर. हाताशी साधी कानस असताना पिस्तुलाची नळी घडविणारा माणूस अंबरनाथच्या कोणत्याही यंत्रशाळेत मानाने पोट भरू शकेल. त्याला तेथवर कोणी आणले नाही, हा दोष एका जमातीच्या माथी मारून सुटका होणार नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन विनापरवाना शस्त्रनिर्मितीची शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत वाढविण्यात आली. उमर्टीच्या भट्ट्या त्यानंतरही सहा वर्षे पेटतच होत्या.

तेव्हा आम्ही काडतुसाकडे वळतो. कट्टा कोणत्याही झोपडीत घडू शकतो. त्यात बसणारे नीट मापाचे पितळी काडतूस, त्याच्या तळाच्या स्फोटक टोपीसह, झोपडीत होत नाही. ते कारखान्यातच जन्मते. म्हणजे त्याचा पहिला मालक नेहमी कायदेशीर असतो! आपल्याकडे सापडणाऱ्या ७.६५ मिलिमीटरच्या काडतुसांवर पुष्कळदा ‘केएफ’ ही अक्षरे असतात. ती खडकीच्या दारूगोळा कारखान्याची. आमच्या वाचकांना याहून जवळचे उदाहरण हवे असेल, तर विठ्ठलवाडीहून दोन स्थानके पुढे जावे. अंबरनाथचा आयुध कारखाना १९५३ पासून उभा आहे, आणि काडतुसांच्या पितळी पुंगळ्यांचे काम तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. त्या कामगारांच्या वस्तीत एकदा फिरून पाहा. फाटकावर झडती कशी होते, वाया गेलेल्या तुकड्याचाही हिशेब कसा द्यावा लागतो, हे तेथील कोणताही निवृत्त गृहस्थ सांगेल. कारखान्याच्या फाटकापर्यंत असलेली ही शिस्त फाटकाबाहेर पडल्यावर कुठे विरघळते, हाच आमचा प्रश्न आहे.

एक उत्तर उत्तर प्रदेशातील रामपूरने दिले आहे. ६ एप्रिल २०१० रोजी दंतेवाड्याच्या जंगलात नक्षलवाद्यांनी ७६ जवानांना ठार केले. त्याच महिन्याच्या अखेरीस रामपूर येथे सरकारी भांडारांतून काडतुसे बाहेर विकणारी टोळी पकडली गेली. तीत केंद्रीय राखीव दलाचे, प्रांतीय सशस्त्र दलाचे व पोलिसांतले लोक होते, आणि हा माल नक्षलवाद्यांपर्यंत पोहोचत असल्याचा आरोप होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने २४ जणांना दहा वर्षांची शिक्षा दिली. आपल्या गडचिरोलीतही पोलिसांनी वर्षानुवर्षे भरमार बंदुका जप्त केल्या. त्या ठासणीच्या, घरी केलेल्या दारूवर चालणाऱ्या. गावठी बंदुकीची मजल तेवढीच. पुढची मजल कारखान्याचे काडतूस मिळाले तरच गाठता येते. मणिपुरात २०२३ साली वणवा भडकला, तेव्हा घरगुती बंदुका होत्याच. तरीही जमाव प्रथम धावला तो सरकारी शस्त्रागारांवर.

परवानाधारकाने किती काडतुसे घ्यावी हे त्याच्या परवान्यावर लिहिलेले असते, आणि विकणाऱ्यानेही नोंदवहीत नोंद करावयाची असते. हे कागद कोण तपासतो? उडविलेल्या काडतुसाची पुंगळी परत मागतो कोण? पुंगळीवरील दोन अक्षरांवरून कारखाना कळतो. ती कोणत्या विक्रेत्याकडे गेली हे मात्र कळत नाही. प्रत्येक पुंगळीवर उत्पादनाच्या गटाचा क्रमांक उमटविणे आजच्या यंत्रांना मुळीच अवघड नाही. खर्च वाढेल, असे कोणी म्हणेल. वाढू द्या, काडतूस ही काही भाजी नव्हे.

आमची मागणी एवढीच आहे. ठाणे जिल्ह्यात गेल्या पाच वर्षांत जप्त झालेले प्रत्येक जिवंत काडतूस मुद्देमालाच्या पेटीतून बाहेर काढावे, त्याच्या तळावरील अक्षरे वाचावीत, आणि ते कोणत्या कारखान्यातून वा भांडारातून कोणाच्या हाती गेले याचा तपास कट्ट्याच्या तपासाइतक्याच नेटाने करावा. गृहखात्याने तो अहवाल विधिमंडळाच्या पुढच्या अधिवेशनात मांडावा.