गाठ आहे, पण घाई कशाला?

पोलादपूरच्या वाडीवरली बाई ओटीपोट दुखते म्हणून एस.टी.ने महाडला येते. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ दिसते आणि सारे घर हादरते. ‘पिशवीच काढून टाका,’ असे शेजारणीही सांगतात. पण फायब्रॉइडची गाठ सहसा कर्करोगाची नसते. त्रास नसेल तर तपासण्या करीत थांबता येते. पाळी गेल्यावर ती बहुधा आक्रसते. मात्र अतिरक्तस्रावाने हिमोग्लोबिन उतरत असेल किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जात असेल, तर दुखणे अंगावर काढू नये. उपचारांतही औषधे किंवा नुसती गाठ काढणे हे पर्याय असतात. बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांबाबत २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, हे विसरू नये. शस्त्रक्रिया कशासाठी, हे विचारण्याचा हक्क प्रत्येकीचा आहे.