घड्याळ कोणाच्या हाती?

२०२३ च्या मार्चअखेरीस लेबनॉन या छोट्या देशात चार दिवस दोन वेळा चालू होत्या. उन्हाळ्याच्या तोंडावर घड्याळे एक तास पुढे करण्याची तेथे रीत आहे. २६ मार्चला व्हावयाचा हा बदल रमझान संपेपर्यंत लांबणीवर टाकल्याचे काळजीवाहू पंतप्रधान नजीब मिकाती यांनी अवघे तीन दिवस आधी जाहीर केले. मॅरोनाइट चर्चने व काही वृत्तवाहिन्यांनी हा हुकूम मानला नाही. अनेकांच्या खिशातील फोनही जुन्या नियमाप्रमाणे आपोआप तासभर पुढे गेले. अखेर मंत्रिमंडळाला निर्णय फिरवावा लागला.

या घटनेकडे केवळ गमतीचा प्रसंग म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. संगणकातील दिनदर्शिका आज कोट्यवधी नोकरदारांचा दिवस आखून देतात. दर सोमवारी दहा वाजता ठरलेली बैठक संगणकाने जागतिक वेळेतील एक स्थिर क्षण म्हणून नोंदवली, तर घड्याळ पुढे गेल्यावर तीच बैठक अकरा वाजता दिसू लागते. 'अमुक गावचे दहा' अशी नोंद केली, तर त्या गावचा नियम ठाऊक असावा लागतो. आणि नियम तर सरकारे बदलतात. अमेरिकेने २००५ च्या कायद्यान्वये उन्हाळी वेळेची मुदत वाढवली. २००७ मध्ये तो बदल अमलात आला, तेव्हा मधल्या आठवड्यांतील असंख्य बैठका तासाने सरकल्या.

हे सर्व नियम टिपून ठेवणारी एक सार्वजनिक नोंदवही आहे. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात सुरू केलेली व पुढे पॉल एगर्ट यांनी सांभाळलेली ही नोंदवही प्रामुख्याने स्वयंसेवकांच्या श्रमावर उभी आहे. लेबनॉनच्या हुकुमासाठी तिची एक आवृत्ती निघाली आणि हुकूम फिरताच दुसरी. मोठमोठ्या कंपन्यांची यंत्रे या फुकट श्रमावर चालतात. तरीही २०११ मध्ये ज्योतिषाच्या संगणकप्रणाली विकणाऱ्या एका कंपनीने त्यातील ऐतिहासिक माहितीवर मालकी सांगून ओल्सन व एगर्ट यांच्यावरच दावा गुदरला! २०१२ मध्ये तो मागे घ्यावा लागला, हे भाग्यच. वेळेवरही खाजगी मालकी सांगता येते, असे मानणारी ही मनोवृत्ती लक्षात ठेवण्याजोगी आहे.

परंतु नोंदवही अचूक असली म्हणून अन्याय टळतो असे नाही. वारंवार होणारी बैठक सामान्यतः ती बोलावणाऱ्याच्या शहराला बांधलेली असते. भारतात घड्याळे सरकत नाहीत. पण पुण्यातील रात्रपाळीचा तरुण न्यूयॉर्कच्या घड्याळाला जुंपलेला असतो. न्यूयॉर्कची सायंकाळी साडेपाचची बैठक उन्हाळ्यात त्याच्या पहाटे तीनला येते, नोव्हेंबरपासून चारला. त्याची पाळी भारतीय वेळेने साडेतीनला संपत असेल, तर ती बैठक पाळीबाहेर पडते. घरी सोडणारी गाडी निघून गेलेली असते आणि वाढलेला तास हजेरीपत्रकात कोठेच उमटत नाही. संगणकाच्या दृष्टीने यात काहीच चूक नाही! ग्राहकाची बैठक तासाने चुकली की तो 'दोष' ठरतो व तातडीने दुरुस्त होतो; नोकराची झोप तासाने चुकली तर तिला 'लवचिकता' असे गोंडस नाव मिळते.

मुंबईच्या श्रमिकांना हा अनुभव नवा नाही. ब्रिटिश सरकारने भारतीय प्रमाण वेळ लादली, तेव्हा ती मुंबईच्या वेळेहून ३९ मिनिटे पुढे होती. जानेवारी १९०६ मध्ये गिरणी कामगारांनी या बदलाविरुद्ध दंगा केला व माग थांबवले. सूर्य तोच, भोंगा मात्र आधी, ही लबाडी त्यांनी तत्काळ ओळखली. शिकल्यासवरल्या आजच्या नोकरदाराला ती अद्याप ओळखता आलेली नाही. कारण आज भोंगा वाजत नाही, बैठकीची वेळ पडद्यावर निमूटपणे सरकते.

म्हणून या क्षेत्रात संघटना बांधू पाहणाऱ्या कार्यकर्त्यांनी काही मागण्या स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. मार्च व नोव्हेंबरमधील बदलाची लेखी सूचना पुरेशी आधी मिळावी. पाळी, वाहन व बैठका एकाच वेळी बदलाव्यात. पाळीबाहेर गेलेला प्रत्येक तास जादा काम म्हणून नोंदला जावा व त्याचा दुप्पट मोबदला मिळावा. १९४८ च्या कारखाना कायद्याने हे तत्त्व मान्य केले होते; काचेच्या इमारतीत ते बदलण्याचे कारण नाही. आठ तासांच्या दिवसासाठी कामगारांनी रक्त सांडले, हा इतिहास आहे. तो तास आज यंत्राच्या आडून परत नेला जात असेल, तर त्याचा हिशेब मागणे हे चळवळीचे कर्तव्यच ठरते.