‘निम्न श्रेणीचे प्राणी’ हे शीर्षक आता नको

अपृष्ठवंशीय प्राण्यांचा तुलनात्मक तक्ता आमच्या पिढीने घोकून पाठ केला. वलयी, संधिपाद, मृदुकाय, कंटकचर्मी. आणि वर शीर्षक, ‘निम्न श्रेणीचे प्राणी’. हे शीर्षक विज्ञानाच्या कसोटीस उतरत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गांडुळाचे रक्त आपल्याप्रमाणेच बंद वाहिन्यांतून वाहते व हिमोग्लोबिनमुळे लाल दिसते. झुरळाचे रक्त देहगुहेत मोकळे फिरते, कारण प्राणवायू पोहोचविण्याचे काम त्याच्या श्वासनलिका परस्पर करतात. मग या दोघांत वरचा कोण? गोगलगाईच्याच संघातील ऑक्टोपसला तीन हृदये असतात. शिवाय आपल्या डोळ्यातील अंधबिंदू त्याच्या डोळ्यात नसतो. तारामाशाला तर मेंदूच नाही. तो समुद्राचे पाणी शरीरात खेळवून नलिकापादांवर चालतो. तरीही त्याच्या व आपल्या भ्रूणात तोंडाआधी गुदद्वाराची जागा ठरते, आणि नात्याने तो झुरळापेक्षा आपल्याला जवळचा!

जन्मसिद्ध उतरंड ज्या घरांनी नाकारली, त्या घरांतील मुलांच्या वहीत ती प्राण्यांच्या निमित्ताने शिरावी, हे आम्हांस खटकते. तुलना जरूर शिकवावी. तक्त्यावरील शीर्षक मात्र नव्या सत्रापूर्वी बदलावे, एवढी शिक्षकवर्गास आमची विनंती आहे.